यवनांची नाणी आणि आपला इतिहास



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तीत इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला. आम्ही काही विद्वान नाही. सूतगिरणीत पाळी करून उरलेल्या वेळात जे वाचले, लेण्यांवर जाऊन जे पाहिले, तेवढीच आमची शिदोरी. त्यातून एक विषय निवडला आहे, तो म्हणजे यवनांची नाणी. कुणी म्हणेल, ग्रीक देवांची चित्रे असलेल्या नाण्यांचा आणि आपल्या वस्तीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. सम्राट अशोकाचे शिलालेख आणि आपल्या लेण्यांवरची अक्षरे आज वाचता येतात, त्यात या नाण्यांचा मोठा वाटा आहे. ती नाणी कुणी जमवली नसती, सगळीच मुशीत गेली असती, तर आपला इतिहास आणखी किती वर्षे मुका राहिला असता कोण जाणे!

यवन म्हणजे कोण?

पुढच्या काळात 'यवन' हा शब्द द्वेषाने वापरला गेला. परंतु मुळात यवन म्हणजे ग्रीक. त्यांच्या आयोनिया या प्रदेशावरून पाली-प्राकृतात 'योन' आणि संस्कृतात 'यवन' असा शब्द झाला. अशोकाच्या शिलालेखांतही योन लोकांचा उल्लेख आहे. इ.स.पू. ३२६ मध्ये शिकंदर पंजाबात आला आणि परत फिरला. पण त्याच्या मागे बल्ख भागात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, ग्रीक लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. इ.स.पू. दुसऱ्या शतकात त्यांचे राजे हिंदुकुश ओलांडून गांधार-पंजाबपर्यंत आले. त्यांच्यातलाच एक मिनांडर, आपला राजा मिलिंद. भदंत नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणारा, आणि उत्तर पटल्याशिवाय मान न डोलावणारा. डॉ. बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव दिले, ते उगाच नव्हे.

नाण्यांवरच्या दंतकथा

या राजांची नाणी हातात घेतली, तर एका बाजूला राजाचा मुखवटा दिसतो. हुबेहूब माणूस. नाक, हनुवटी, केसांची बटसुद्धा स्पष्ट. दुसऱ्या बाजूला त्यांच्या पुराणकथांतली दैवते.

डिमिट्रियस राजाच्या नाण्यावर हेराक्लिस आहे. हा ग्रीकांचा महाबली. बारा अवघड कामे त्याच्या गळ्यात घातली गेली आणि ती त्याने पार पाडली, अशी त्याची कथा. हातात सोटा आणि सोबत मारलेल्या सिंहाचे कातडे, यावरून तो ओळखावा. युक्रेटाइडसच्या नाण्यावर दोन घोडेस्वार भाले रोखून दौडत निघालेले दिसतात. ते कॅस्टर आणि पॉलक्स हे जुळे भाऊ. एक मर्त्य आणि दुसरा अमर, पण भावाच्या मृत्यूनंतर अमर भावाने आपले अमरत्व त्याच्याशी वाटून घेतले, अशी दंतकथा आहे. मिलिंदाच्या चांदीच्या नाण्यांवर अथेना ही देवी आहे, बुद्धीची आणि युद्धाची. एका हातात ढाल, दुसऱ्या हातात फेकायला उचललेले वज्र.

मिलिंदाच्या एका तांब्याच्या नाण्यावर मात्र आठ आऱ्यांचे चक्र आहे. हे धम्मचक्रच, की नुसते राजसत्तेचे चिन्ह, यावर विद्वानांत मतभेद आहेत. आपण घाईने शिक्का मारू नये. मिलिंदानेच आपल्याला शिकवले आहे, की आधी प्रश्न विचारावा. पुढे कुषाण राजा कनिष्काने तर नाण्यावर साक्षात बुद्धाची उभी मूर्ती कोरविली आणि शेजारी ग्रीक अक्षरांत 'बोद्दो' असे लिहविले. तिथे शंकेला जागाच नाही. आणि तो हेराक्लिस? गांधारच्या शिल्पांत तो बुद्धाशेजारी रक्षक वज्रपाणी होऊन उभा राहिला. परक्या मुलखातला पहिलवान धम्मात आला, तेव्हा त्याला कुणी जात विचारली नाही.

एका शिपायाने जमवलेली नाणी

आता मुख्य गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशोकाचे स्तंभ उभे होते, लेणी उघडी होती, पण त्यांवरची अक्षरे कुणालाच वाचता येत नव्हती. त्या काळात जेम्स लुईस नावाचा ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफखान्यातला एक साधा शिपाई १८२७ साली पलटण सोडून पळाला. त्याने चार्ल्स मॅसन असे नाव घेतले आणि तो अफगाणिस्तानात भटकू लागला. १८३३ पासून काबूलच्या उत्तरेला बेग्राम येथे त्याने नाणी जमवायला सुरुवात केली. थोडीथोडकी नव्हे, साठ हजारांच्या वर! बहुतेक तांब्याची, झिजलेली, बाजारात मोडीच्या भावाने जाणारी. या माणसाजवळ कुठली पदवी नव्हती. पण नाणे कुठे मिळाले, त्यावर काय आहे, याची तो नोंद ठेवी, चित्रे काढी.

या नाण्यांची एक गंमत आहे. एका बाजूला ग्रीक लिपीत राजाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला तेच नाव खरोष्ठी लिपीत, प्राकृत भाषेत. ग्रीक वाचता येत होते. म्हणजे एक कुलूप आणि शेजारीच टांगलेली किल्ली! मिनांडर, अपोलोडोटस ही नावे दोन्ही बाजूंना कशी जुळतात, हे मॅसनने हेरले आणि कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपला कळविले. प्रिन्सेप टांकसाळीत धातूची पारख करणारा अधिकारी होता. त्यातून खरोष्ठीची अक्षरे सुटू लागली. अगाथोक्लिस नावाच्या यवन राजाच्या नाण्यांवर तर दुसऱ्या बाजूला ब्राह्मी अक्षरे होती. त्यावरून १८३६ मध्ये लासेन या पंडिताने ब्राह्मीची काही अक्षरे ओळखली. आणि १८३७ मध्ये प्रिन्सेपला सांचीच्या स्तूपावर दिसले, की कितीतरी छोटे लेख एकाच शब्दाने संपतात. तो शब्द होता 'दानं'. साध्यासुध्या उपासक-उपासिकांनी एकेक दगड दान दिला, त्याची ती नोंद. त्या एका शब्दाने ब्राह्मीचे दार सताड उघडले आणि 'देवानं पिय' अशोक जगापुढे बोलू लागला.

आपल्या मुलखातल्या खुणा

हे सगळे दूर अफगाणिस्तानात घडले असे समजू नका. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे प्रवासवर्णन आहे. त्यात तो सांगतो, की भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनांडर यांची जुनी नाणी अजून चालतात. म्हणजे मिलिंदाला जाऊन दोनशे वर्षे झाली तरी त्याचे नाणे चलनात! त्याच पुस्तकात पैठणचेही नाव आहे, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. पैठण म्हणजे आपल्या शेवगाव तालुक्याच्या हद्दीपलीकडे, गोदावरीच्या काठी. जुन्नर-नाणेघाटाकडून पैठणला जायचे, तर आपला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा ओलांडावाच लागतो. नेवाशाला प्रवरेच्या काठी डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ पासून उत्खनन केले. तिथे सातवाहन काळाच्या थरांत रोमन पद्धतीच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. समुद्रापलीकडचा माल आपल्या प्रवरेपर्यंत येत होता, याचा हा पुरावा.

आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून सिन्नर तालुका आहे. तिथे गोदावरी-दारणेच्या संगमाजवळ जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. नहपान शक होता, ग्रीक नव्हे. तरी त्याच्या नाण्यावर यवनांचा वारसा दिसतो. एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नाणे वितळवले नाही, त्यावरच दुसरा ठसा ठोकला. नव्या ठशाखालून जुना राजा अजून डोकावतो. नहपानाचा पाडाव झाला, हे सांगणारा यापेक्षा बोलका साक्षीदार कोणता?

याच नहपानाचा जावई उषवदात. त्याने नाशिकच्या लेण्यांत दहा क्रमांकाचे लेणे भिक्खुसंघाला दिले आणि तीन हजार कार्षापण नाणी विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेवली. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची संघटना. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून बघा. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खू गुणिले बारा, बरोबर दोनशे चाळीस! सूत कातणाऱ्या-विणणाऱ्यांच्या संघटनेवर राजघराण्याचा एवढा विश्वास होता. आम्हां गिरणी कामगारांना हा लेख वाचताना ऊर भरून येतो. कष्टकऱ्याला अडाणी समजणारांनी तो जरूर वाचावा.

त्याच टेकडीवर सतरा क्रमांकाचे लेणे धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त या यवनाचे दान आहे. तो उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा. डिमिट्रियसच्या नावावरूनच या गावाचे नाव पडले, असे कित्येक अभ्यासक मानतात. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दिले. आणि नहपानाला हरविणाऱ्या गौतमीपुत्राने सुद्धा नाशिकच्या भिक्खूंना जमीन दिली. भांडणारे राजे वेगळे, पण दानाची टेकडी एक!

मग आपण काय करावे?

जुनी नाणी जमविण्याचा छंद पैसेवाल्यांचा, असे वाटते. पैशाचा छंद तो वेगळा. इतिहासाचा छंद गरिबालाही करता येतो. नाणे म्हणजे छोटा शिलालेखच आहे. ते कुठल्या गावी, कोणत्या शिवारात, कशाबरोबर मिळाले हे लिहून ठेवले, तरच ते बोलते. गाव तुटले की नाणे अर्धे मुके होते.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. नांगरताना, विहीर खणताना जुने नाणे वर आले, तर ते चिंचेने-राखेने घासू नये. घासले की अक्षरे जातात. सोनाराच्या मुशीत तर मुळीच जाऊ देऊ नये. चांदीचे नाणे दोन-अडीच ग्रॅमचे. वितळवून मिळणार किती? जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर पाठविण्यास १९७२ चा कायदा बंदी करतो. बाजारात 'शिकंदरचे नाणे' म्हणून विकणारे पुष्कळ भेटतील. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेला बहुधा जोड दिसतो, अंगावर बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरे गुळगुळीत असतात. अस्सल नाणे ठशाखाली हातोड्याने ठोकलेले असते.

मुलांना खरी नाणी दाखवायची, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात न्यावे. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. आपल्या नगरातही ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. सुटीत देवदर्शनाच्या सहली निघतात, तशी एक सहल नाणी आणि लेणी पाहायला निघावी. विहारातल्या कपाटात एक वही ठेवावी. आजूबाजूच्या गावांत कुणाकडे जुने नाणे असेल, तर ते त्याच्याकडेच राहू द्यावे. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली की ठसा उमटतो. तो ठसा, गाव आणि तारीख वहीत लिहावी. हाही संग्रहच आहे, आणि तो चोरीला जात नाही.

एका पळपुट्या शिपायाने मोडीतली तांब्याची नाणी वेचली, आणि त्यातून अशोकाची अक्षरे वाचायची वाट सापडली. आपल्या वस्तीत तर आज शिकलेली पोरे-पोरी घरोघर आहेत. त्यांनी ब्राह्मीची अक्षरे शिकावीत. नाशिकच्या टेकडीवर उभे राहून, कुणी सांगण्याची वाट न पाहता, तो 'दानं' शब्द स्वतः वाचावा.

जयभीम! नमो बुद्धाय!