दोन तांबड्या पट्ट्या

झेंडा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्रध्वज येतो. व्यापारी जहाजावर मात्र एकाहून अधिक निशाणे असतात. मागच्या टोकाला देशाचे, डोलकाठीवर कंपनीचे. कंपनीच्या निशाणाकडे इतिहासाची पाठ्यपुस्तके वळून पाहत नाहीत. मुंबई बंदराच्या इतिहासात तरी असे एक निशाण विसरण्याजोगे नाही : पांढऱ्या कापडावर दोन आडव्या तांबड्या पट्ट्या.

हे निशाण निप्पॉन यूसेन कैशा या जपानी कंपनीचे. मित्सुबिशी आणि क्योदो उन्यु या दोन कंपन्यांनी दर पाडपाडून एकमेकींना जेरीस आणले होते. १८८५ साली त्यांचे विलीनीकरण होऊन ही कंपनी निघाली. दोन पट्ट्या म्हणजे त्या दोन कंपन्या. (जपानचा सूर्यध्वजही १८७० साली आधी व्यापारी जहाजांसाठीच कायद्याने ठरवला गेला. हे मला फार बोलके वाटते.)

वऱ्हाडातला कापूस जी.आय.पी. रेल्वेने मुलुंड, घाटकोपर मागे टाकीत मुंबईला येई. तेथून जपानला नेण्याचा मक्ता पी. अँड ओ. आणि तिच्या दोन युरोपीय साथीदार कंपन्यांकडे होता. टनामागे भाडे १७ ते १९ रुपयांच्या घरात. जमशेटजी टाटा १८९३ साली जपानला गेले आणि त्यांनी निप्पॉन यूसेनशी करार केला. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईकडे निघाली. जपानची दूर पल्ल्याची ही पहिली नियमित जहाजसेवा. नव्या भागीदारांचा दर होता सुमारे १२ रुपये. पी. अँड ओ. ने आपला दर रुपया-दोन रुपयांवर आणला!

टाटांनी या अन्यायाविरुद्ध पुस्तिका काढली, पण येथील गिरणीमालक स्वस्त भाड्याला भुलून एकेक करून फुटले आणि टाटांची जहाजसेवा बंद पडली. जपानी सूतगिरण्यांच्या संघाने मात्र आपला कापूस आपल्याच जहाजांतून आणायचा, हे व्रत पाळले. १८९६ मध्ये पी. अँड ओ. ला तडजोड करावी लागली. टाटांच्या पराभवाचे खापर नेहमी परक्या कंपनीवर फुटते. माझ्या मते निम्मे तरी घरच्यांवर फुटायला हवे.

आता थोडे भौतिकशास्त्र. बिनतारी संदेशांच्या आधी दुरून येणारे जहाज कोणाचे, हे निशाणावरून ओळखावे लागे. आपल्या डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंतचा तपशील वेगळा दिसतो. त्रिज्येत सांगायचे तर पट्टीच्या रुंदीच्या सुमारे ३,४४० पट अंतरापर्यंत. पट्टी ४० सेंटिमीटरची धरली तर नुसत्या डोळ्यांनी ती सुमारे १.४ किलोमीटरवरून ओळखता येईल, सातपट दुर्बिणीतून ९ किलोमीटरहून थोडी अधिक. त्यापुढे तांबडे-पांढरे मिसळून गुलाबी दिसू लागते. ओसाका शोसेन कंपनीच्या निशाणावर 'मोठा' या अर्थाचे जपानी अक्षर असे. त्याच्या बारीक फाट्यांपेक्षा सरळ पट्ट्या दुरून ओळखायला सोप्या.

हे वर्गात करून पाहता येते. कागदावर अर्धा सेंटिमीटर रुंदीच्या दोन तांबड्या पट्ट्या, मध्ये तेवढीच पांढरी जागा ठेवून रंगवा. मुलांना मागे मागे जायला सांगा. साधारण १७ मीटरवर पट्ट्या एकरूप होऊ लागतील. आपल्या उपनगरांतल्या शाळांना मैदान नसले तरी एवढा व्हरांडा बहुधा असतोच. चष्म्याची गरज असलेले मूल कितीतरी आधी थांबेल. त्याची नोंद पालकांसाठी वेगळी ठेवा.