लंगोट, जॉकी आणि जॉगब्रा: धावताना आत काय घालावे?



पोलीस भरती जाहीर झाली की नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या रस्त्यांवर पहाटे अंधारातच मुले-मुली धावताना दिसू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेचे. बूट कोणते घ्यावेत, सकाळी काय खावे, यावर भरपूर चर्चा होते. पण पंधरा-वीस दिवसांनी त्यातलाच एखादा मुलगा दवाखान्यात फेंगडे चालत येतो. बरोबरचे लोक बाहेर गेल्यावर हळूच सांगतो, "डॉक्टर, जांघेत फार आग होते." मुली तर तेही सांगत नाहीत. सराव बंद करतात आणि कारण विचारले की "पाय दुखतो" म्हणतात.

म्हणून आज बोलू या आतल्या कपड्यांवर. त्यांचा इतिहास मजेशीर आहे आणि त्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. धावणाऱ्या शरीराच्या अडचणी तीनच: कातडी घासणे, घाम साचणे आणि हलणाऱ्या अवयवांना आधार नसणे. आजवर निघालेल्या प्रत्येक अंतर्वस्त्राने यातली एखादी अडचण सोडवली आणि बहुतेक वेळा दुसरी तशीच ठेवली.

लंगोटी आणि नऊवारी

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा पुरुषांचा जुना पोशाख म्हणजे लंगोटी. शहरी माणसाने तिला गरिबीची खूण मानले. पण डॉक्टरच्या नजरेने पाहा. कापड थोडे, जांघेला वारा मोकळा, धुतली की उन्हात लगेच वाळणारी. बुरशीला लागते ऊब आणि ओल. लंगोटीत दोन्ही फारशी टिकत नाहीत.

आखाड्यातला लंगोट हा तिचाच भाऊ, पण त्याचे काम वेगळे. तो घट्ट बांधायचा, म्हणजे कुस्तीत अंडकोषाला आधार मिळतो. बायकांच्या नऊवारीचा काष्टा तिसरे काम करतो. दोन मांड्यांच्या मध्ये कापड येते, त्यामुळे कातडीवर कातडी घासत नाही. बारामतीजवळ राहणाऱ्या लता भगवान करे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. नवऱ्याच्या उपचारांसाठी पैसे हवे होते म्हणून साठीच्या घरातल्या या बाई शर्यतीत उतरल्या आणि नऊवारीत, अनवाणी धावून जिंकल्या. धावण्यासाठी नऊवारीच नेसा असे मी म्हणणार नाही, पण काष्ट्याची ती युक्ती लक्षात ठेवा. पुढे लागेल.

अँटवर्पची शर्यत

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारी शेतकरी मुले पाहिली. ती पाश्चात्त्य धावपटूंच्या तोडीची आहेत हे त्यांनी ओळखले, आणि १९२० मध्ये भारताचा संघ अँटवर्प ऑलिंपिकला गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर होते. त्यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार करून १९ वा क्रमांक मिळवला.

तेव्हा नायलॉन नव्हते, पॉलिएस्टर नव्हते, लायक्रा नव्हते. म्हणजे महागडा कपडा नसला तर धावता येत नाही, असे मुळीच नाही. कपडा वेग देत नाही. तो फक्त सराव मोडू देत नाही, आणि भरतीच्या मुलांसाठी तेवढेच पुरेसे आहे.

शिकागोचा लंगोट

१८७४ मध्ये शिकागोतल्या चार्ल्स बेनेट यांनी दगडी रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांसाठी एक पट्टा तयार केला. कमरेला इलॅस्टिक आणि पुढे आधाराची पिशवी. हाच जॉकस्ट्रॅप. आपल्या आखाड्यातल्या लंगोटाचेच काम तो करत होता. जानेवारी १९३५ मध्ये त्याच शहरातल्या एका मोठ्या दुकानात पुरुषांची आखूड, अंगाला बसणारी चड्डी विकायला आली. जॉकस्ट्रॅपसारखा आधार मिळतो म्हणून तिचे नाव ठेवले जॉकी. आज आपल्या बाजारात मिळणारी व्ही आकाराची चड्डी हा त्याच घराण्यातला प्रकार.

आधार मिळाला, पण ओल राहिली. कारण कापड सुती. सुती धागा सामान्य हवेत स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. रोजच्या वापराला सुती उत्तम. पण तासभर धावल्यावर घामाने चिंब झालेली सुती चड्डी जड होते आणि अंगाला चिकटते. घामातले मीठ, ओली कातडी आणि चड्डीची शिवण एकत्र आले की मांड्या सोलवटतात.

पॉलिएस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ साली लागला. १९५८ मध्ये अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स यांनी ताणला तरी मूळ मापावर येणारा धागा बनवला. तोच आपण लायक्रा या व्यापारी नावाने ओळखतो. या दोन धाग्यांच्या खास विणीमुळे घाम कापडाच्या बाहेरच्या बाजूला येऊन लवकर वाळतो. मांडीवर बसणारी लांब पायांची चड्डीही शक्य झाली. तिच्यामुळे दोन मांड्यांच्या मध्ये पुन्हा कापड आले. काष्ट्याचेच काम, नव्या कापडात.

मुलींना उशीर का झाला?

१९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत पहिल्यांदा झाली. शेवटी काही धावपटू दमून खाली बसल्या, तर "हे बायकांचे काम नाही" म्हणून ती बंद केली. ती परत आली १९६० मध्ये. आज आपल्या मुली भरतीसाठी धावतात ते अंतर नेमके तेच, ८०० मीटर!

स्तनांना स्वतःचे स्नायू नसतात. आधार असतो तो कातडीचा आणि आतल्या बारीक तंतूंचा. धावताना ते वर-खाली हलतात आणि डावी-उजवीकडेही. साध्या ब्राने हे थांबत नाही, म्हणून दुखते. यावर उपाय निघाला थेट १९७७ मध्ये. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी दोन जॉकस्ट्रॅप एकत्र शिवून पहिली स्पोर्ट्स ब्रा तयार केली. तिचे नाव जॉगब्रा. पुरुषांचा आधाराचा पट्टा निघून तोवर शंभरहून अधिक वर्षे झाली होती.

त्यानंतर १९८४ मध्ये बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक जिंकले. मुलींमध्ये ताकद होतीच, सोय उशिरा मिळाली.

मग तुम्ही काय घ्याल?

ब्रँड पाहू नका. आपली अडचण तीनपैकी कोणती ते ओळखा.

- मांड्या घासत असतील तर लांब पायांची, मांडीवर नीट बसणारी चड्डी घ्या. आतली शिवण सपाट हवी. घासणाऱ्या जागी आधी थोडे व्हॅसलीन लावा.
- घाम फार येत असेल तर पातळ, लवकर वाळणारे कापड घ्या. सुतीच असेल तर हरकत नाही, पण धावून आल्यावर लगेच बदला. ओल्या चड्डीत गप्पा मारत बसू नका.
- मुलांनी आधार मिळेल इतकी घट्ट चड्डी घ्यावी. कमरेला, जांघेत इलॅस्टिकचे वळ उठत असतील तर ती लहान आहे. धावण्याच्या शॉर्ट्सला आत जाळीचे अस्तर असेल तर आणखी चड्डी लागत नाही.
- मुलींनी स्पोर्ट्स ब्रा घालून दुकानातच चार उड्या मारून पाहाव्यात. हालचाल थांबली पाहिजे आणि श्वासही पूर्ण घेता आला पाहिजे. पाळीत धावण्याआधी पॅड बदलावे. ओले पॅड मांडीला घासते.
- चाचणीच्या दिवशी नवा कपडा घालू नका. आधी आठ-दहा वेळा सरावात वापरा.

लपवू नका, वाळवा

खरी अडचण कपड्याची कमी आणि लाजेची जास्त आहे. लंगोटी उघड्यावर वाळत होती. आता आतले कपडे, विशेषतः मुलींचे, टॉवेलखाली लपवून वाळत घालतात. ते आतून दमट राहतात आणि तेच दुसऱ्या पहाटे अंगावर चढतात. जांघेत गजकर्ण झाला की दुकानातून परस्पर ट्यूब आणली जाते. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते, कातडी पातळ होते, तिच्यावर कायमचे वळ उठतात. औषधांना सहज दाद न देणारा गजकर्ण आज भारतभर दिसतो. २०२० मध्ये अशा बुरशीच्या एका नव्या जातीला नाव दिले गेले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. त्यात नाव आपल्याच देशाचे आहे!

तेव्हा आतले कपडे उलटे करून कडक उन्हात वाळवा, कुणाचे घेऊ नका, कुणाला देऊ नका. गोल, कडेने वाढणारा, खाजणारा चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि औषध सांगितले तितके आठवडे पूर्ण करा. आणखी एक: अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर धावल्यामुळे दुखत असेल म्हणून घरी थांबू नका. अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो आणि तो वाचवायला हातात साधारण सहाच तास असतात.

आईवडिलांनो, मुलांच्या बुटांसाठी पैसे बाजूला काढता, तेव्हा दोन चांगल्या चड्ड्यांचे आणि मुलीच्या एका स्पोर्ट्स ब्राचेही धरा. आणि अंगणातल्या दोरीवर, भर उन्हात, त्यांना थोडी जागा द्या.