परदेशातील चूल

आमच्या भिवंडीतील एका शेजाऱ्यांची कन्या पुढील शिक्षणाकरिता लंडनास जावयाची ठरली, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो विद्यापीठाचा नव्हे, थंडीचाही नव्हे, तर जेवणाचा. वडिलांनी सर्वांची समजूत घातली. डाळ, तांदूळ, भाजी हे सारे आता तेथे मिळते. पाकिटावर आतील जिन्नस छापलेले असतात. दूध, तूप आणि मध हेदेखील वर्ज्य करणाऱ्या 'व्हीगन' मंडळींचीसुद्धा तेथील उपाहारगृहांतून सोय होते. आजीबाईंनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "ते खरे रे, पण तिला करून कोण घालणार?"

नातीस हसू आले. आम्हांस मात्र आले नाही. कारण मराठी माणसाच्या विलायतेतील अन्नचिंतेचा इतिहास पाहू गेल्यास, पुष्कळ काळपर्यंत तो 'काय खावे' ह्या प्रश्नाचा नसून 'कोणाच्या हातचे खावे' ह्या प्रश्नाचा इतिहास आहे. हे दोन प्रश्न एकमेकांपासून केव्हा व कसे निराळे झाले, हे पाहण्याजोगे आहे.

ह्या इतिहासाचे पहिले ठळक प्रकरण पेशवाईतले आहे. रघुनाथरावदादांनी आपली बाजू विलायत सरकारापुढे मांडण्याकरिता हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील पाठविला. त्याजबरोबर मणियार नावाचे पारशी गृहस्थ व त्यांचा मुलगा होता. १७८१ साली ही मंडळी लंडनात होती. तेथे त्यांची व्यवस्था नीट लागली नव्हती. हे एडमंड बर्क ह्या प्रसिद्ध वक्त्याच्या कानी गेले, तेव्हा त्याने त्यांस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले. परंतु घरी नेऊन भागण्यासारखे नव्हते. ज्या स्वयंपाकघरात मांस शिजते तेथे हनुमंतरावांनी अन्न शिजवावे कसे, आणि दुसऱ्याने शिजविलेले खावे कसे? बर्कने आपल्या बागेतील काचघर त्यांच्या स्वाधीन केले. परदेशी रोपे थंडीपासून जपण्याकरिता जी जागा बांधलेली, तेथे ह्या पाहुण्यांची चूल पेटली आणि त्यांचे अन्न व नित्यकर्म आपापल्या आचाराप्रमाणे होऊ लागले.

लंडनास त्या काळी भाजीपाल्याचा, पिठाचा किंवा लोण्याचा दुष्काळ नव्हता. हनुमंतरावांची अडचण बाजारात नव्हती. ती चुलीपाशी होती. ती बर्कने ओळखली, पाहुण्याच्या नियमाची थट्टा केली नाही आणि त्या नियमाला पुरेल एवढी जागा काढून दिली. स्वदेशी मात्र निराळाच न्याय झाला. रघुनाथरावांच्या ब्राह्मण वकिलांस परत आल्यावर पतित मानण्यात आले, आणि सोन्याच्या योनीतून बाहेर काढून, म्हणजे जणू नवा जन्म देऊन, त्यांस शुद्ध करून घ्यावे लागले, अशी हकीकत विल्फर्ड ह्या इंग्रज अधिकाऱ्याने 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये नमूद केली आहे. परक्याने काचघर दिले. घरच्यांनी प्रायश्चित्त दिले.

आमच्या गावास ह्यातील विसंगती विशेष जाणवावी. १६५७ साली शिवाजीमहाराजांनी कल्याण व भिवंडी घेतली आणि ह्याच खाडीच्या परिसरात मराठ्यांच्या आरमाराची जहाजे बांधली जाऊ लागली. ज्या मुलखात जहाजे बांधली, त्याच मुलखात पुढे दोनअडीचशे वर्षे समुद्रगमन हे पाप म्हणून गणले जात होते.

ह्याच खाडीकाठच्या कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म झाला. वैद्यकी शिकण्याकरिता अमेरिकेस जाण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, श्रीरामपूर येथे त्यांनी भाषण केले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे सांगितले. ह्या प्रतिज्ञेत पोशाख आला आणि अन्नही आले. फिलाडेल्फियाच्या थंडीत, अवघड अभ्यास सांभाळून, धुराने भरणाऱ्या खोलीत त्या स्वतःच्या हाताने शाकान्न शिजवीत. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढील फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने निवर्तल्या. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांस परदेशी आधार दिला, त्यांना आनंदीबाई मावशी म्हणत. आनंदीबाईंच्या अस्थी अमेरिकेस पाठविण्यात आल्या व कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आल्या. चूल निराळी ठेवूनही नाते जोडता येते, ह्याचे ह्याहून मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

त्याच १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहावयास गेल्या, व सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण ताट बदलले नाही. रमाबाई शाकाहारीच राहिल्या, आणि ज्यांना त्या गुरुस्थानी मानीत त्या सिस्टर जेराल्डीन ह्यांना हा जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटला. ह्यावरून दोघींत झालेला पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. रमाबाईंच्या म्हणण्याचा आशय असा की, ख्रिस्ताचा स्वीकार करणे म्हणजे इंग्रजांच्या चालीरीतींचा स्वीकार करणे नव्हे. हनुमंतरावांचा नियम जातीने घालून दिलेला होता. रमाबाईंनी जात सोडली, समाजाचा धाक सोडला आणि तरीही नियम ठेविला. आता तो त्यांचा स्वतःचा झाला. आमच्या मते ह्या इतिहासातील खरे वळण हेच होय.

ह्या सुमारास खुद्द इंग्लंडातही मांस सोडणारे लोक होते. १८४७ साली रॅम्सगेट येथे त्यांची संस्था स्थापन झाली होती. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा विद्यार्थी लंडनास पोहोचला तो आईपुढे मांस न खाण्याची शपथ घेऊन. सकाळी ओटची लापशी व दुपारी पालक आणि पाव, ह्यांवर त्याचे पोट भरेना. रोज दहाबारा मैल चालत तो शहर धुंडाळी, आणि असाच एके दिवशी फॅरिंग्डन रस्त्यावर त्याला एक शाकाहारी उपाहारगृह सापडले. दारापाशीच सॉल्ट ह्यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक विक्रीस होते. ते त्याने एक शिलिंगास घेतले, आणि इंग्लंडास आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण घेतले. पुस्तक वाचून झाल्यावर शपथेचे रूपांतर श्रद्धेत झाले. येथे स्वयंपाकी कोण, हा प्रश्न त्याने विचारला नाही. पदार्थात अंडे आहे की नाही, हा मात्र तो विचारू लागला. कारण आईने 'मांस' ह्या शब्दाचा जो अर्थ धरला होता, तोच आपल्यावर बंधनकारक आहे, असे त्याने ठरविले.

असा हा प्रश्न हाताकडून पदार्थाकडे वळला. १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात 'व्हीगन' हा शब्द काढला, तेव्हा तो आणखी पुढे गेला. आमच्या सोवळ्यात दूधतूप हे शुद्धतेचे सार. त्यांच्या विचारात तेही वर्ज्य, कारण तेथे प्रश्न शिवाशिवीचा नसून पशूच्या क्लेशाचा आहे. एकाच ताटाकडे पाहून एक म्हणतो, 'हे कोणी केले?' आणि दुसरा म्हणतो, 'ह्यापायी कोणाला दुःख झाले?' दोघेही मांस खात नाहीत. पण दोघांचा धर्म एक नाही.

आमच्या देशी पहिला प्रश्न इतक्या लवकर सुटला नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली. रानडे, टिळक आदी मंडळी हजर होती. उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापविली गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे आनंदीबाईंच्याच पतीने. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि मोठमोठ्यांस प्रायश्चित्ताच्या वादात पडावे लागले. चहात मांस नव्हते. चहा देणारा हात तेवढा परका होता.

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी लिहिले. आता एक गोष्ट स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी, आम्ही अध्यापनास नुकताच आरंभ केला होता तेव्हा, आमचा एक विद्यार्थी विशेष गुण मिळवून उत्तीर्ण झाला. त्याचे वडील यंत्रमागावर काम करणारे मुसलमान विणकर होते. त्यांनी आम्हांस घरी बोलाविले. आम्ही शाकाहारी आहो हे ठाऊक असल्यामुळे मुलाच्या आईने नवे पातेले विकत आणले होते आणि त्यात केवळ आमच्याकरिता शिरा केला होता. आम्ही पोट ठीक नसल्याचे सांगून पाणीही न घेता उठलो. त्या पातेल्यात मांस कधी शिजले नव्हते, हे आम्हांस पुरते माहीत होते. त्या माउलीने आपल्या दोन खोल्यांच्या घरात आमच्याकरिता काचघर बांधले होते, आणि आम्ही त्याच्या दारातून परत आलो. त्याच वर्षी वर्गात बर्कची भाषणे आम्ही मोठ्या आवेशाने शिकवीत होतो.

तो विद्यार्थी आजही वाटेत भेटतो व आदराने नमस्कार करतो. त्याच्या आई आता हयात नाहीत.

शेजाऱ्यांची कन्या निघण्यापूर्वी आमच्याकडे आली, तेव्हा तिने सांगितले की, तिच्या वसतिगृहात सहा मुलींमध्ये एक शेगडी आहे. मांसाचे भांडे निराळे ठेवण्याविषयी ती त्यांस विनंती करणार होती. आम्ही म्हटले, "अवश्य कर, त्यात संकोच मानू नकोस. आपला नियम आपण पाळावा आणि तो इतरांस स्पष्ट सांगावा. पण त्यांच्यापैकी कोणी तुझ्याकरिता मुद्दाम निराळे भांडे घासून त्यात काही करून आणले, तर त्यात काय आहे एवढेच विचार, आणि बसून खा."

तिने मान डोलाविली. आजीबाईंनी मेतकुटाची बरणी तिच्या सामानात ठेविली होती. ती थोडी मोठी घ्यावी, सहाजणींस पुरेल एवढी, असे आम्ही सुचविले.