प्लेगचे निर्बंध : एक जुना वाद

मध्यप्रदेशातील कोरोनाचे पहिले चार रुग्ण दि. २० मार्च २०२० रोजी आपल्या जबलपुरातच आढळले. पुढे टाळेबंदी केव्हा शिथिल करावी, यावर घरोघरी वाद झडले. मराठी मुलखाने हाच वाद त्यापूर्वी १२३ वर्षे अनुभवला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. रुग्णांना सक्तीने वेगळे काढण्याच्या धास्तीने ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. २०२० सालीही शासनाने त्याचाच आधार घेतला, हे येथे नमूद करावेसे वाटते. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनी गोऱ्या शिपायांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. शिपाई माजघरात, देवघरात शिरत आणि संशयितांस छावणीत नेत. लोकमान्य टिळकांचा उपायांस विरोध नव्हता. त्यांनी शहरात राहून हिंदूंसाठी इस्पितळ चालविले आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांस खडसाविले. त्यांचा रोष होता तो अंमलबजावणीच्या रीतीवर.

साथ ओसरताच मे महिन्यात झडत्या थांबल्या. निर्बंध गेले, परंतु अपमान मनातून गेला नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतर काही महिन्यांतच प्लेग पुण्यास परतला! सक्तीचे समर्थक म्हणू लागले, ढिलाई नडली. विरोधक म्हणू लागले, सक्तीने तरी काय साधले? ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत दंगल उसळली, आणि पुढे सरकारने मूठ हळूहळू सैल केली. हुकूम काढणे सोपे, मागे घेणे अवघड, हे आम्हा सरकारी नोकरांस वेगळे सांगावयास नको.

खरे कारण दोन्ही पक्षांस अज्ञात होते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरील पिसू रोग पसरविते असे दाखविले. ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. माणसे कोंडली तरी उंदीर मोकळेच होते. या दृष्टीने घर सोडून माळावर झोपड्यांत जाण्याची गावकऱ्यांची रीत अधिक शहाणपणाची ठरली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ‘उंदीर पडले की गाव सोडायचा’ हे पणजीचे बोल अद्याप सांगितले जात असतील.