फॉरमॅट मारून देऊ का? संथ कॉम्प्युटरचा इतिहास आणि आमच्या सोसायटीचा हिशोब

आजचा भाग जरा घरचा आहे. म्हणजे इतिहासच सांगणार आहे, पण तो सुरू होतो विरार पूर्वेच्या एका वन रूम किचनमध्ये, २००४ साली. तेव्हा वसई-विरार महानगरपालिका नव्हती, ती २००९ ची. पालघर जिल्हाही नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. आमच्या पत्त्यावर ‘जिल्हा ठाणे’ लिहायचे. आणि आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, आईने शिवलेल्या कापडी कव्हरखाली एक नवा कोरा कॉम्प्युटर होता.

तो आला ताईमुळे. २००१ मध्ये राज्यात एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, स्थापन झालं. त्यांचा एमएस-सीआयटी हा कोर्स बघता बघता गल्लोगल्ली पोचला. सरकारी नोकरीला अर्ज करायचा तर हे सर्टिफिकेट लागणार, हे घराघरात माहीत झालं होतं. ताईने क्लास लावला आणि बाबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला. ब्रँडेड परवडणारा नव्हता, म्हणून असेंबल्ड. आपल्याकडे असेंबल्ड म्हटलं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोडला उतरून तसं विचारलंत तर निम्मे लोक गोंधळतील. तिथले सुटे भाग विरार लोकलने यायचे आणि आमच्यासारख्यांच्या घरी जोडले जायचे.

पहिलं वर्ष मजेत गेलं. ताई पास झाली. मग बाबांनी कॉम्प्युटरचा ताबा घेतला, कारण ते आमच्या हाउसिंग सोसायटीचे खजिनदार होते. मेंटेनन्स, पाण्याच्या टँकरचं बिल, वॉचमनचा पगार, सगळं एक्सेलमध्ये. अख्ख्या बिल्डिंगमध्ये हिशोब प्रिंट काढून लावणारे ते पहिले खजिनदार. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि मलाही.

दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर रडायला लागला. बटण दाबून बाबा आंघोळीला जायचे, पूजा करून यायचे, तरी स्क्रीनवर ते वाळूचं घड्याळ उलटंपालटं होत असायचं. एक्सेल उघडलं की आतून नुसती करकर ऐकू यायची. मग आम्ही सगळ्यांनी जे केलं तेच केलं. कॉम्प्युटरवाल्या दादाला बोलावलं.

दादाने पाच मिनिटं बघितलं आणि ते प्रसिद्ध वाक्य बोलला, “काका, फॉरमॅट मारून देऊ का?”

इथे आपण थांबू. कारण हे वाक्य समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं. चांगलं साठ वर्षं मागे.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६० साली भारतात बनवलेला एक मोठा कॉम्प्युटर सुरू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं, टीआयएफआरएसी, म्हणायचं टिफ्रॅक. सुमारे २,७०० व्हॅक्युम ट्यूब होत्या त्याच्यात. आणि त्याची मेमरी? ४० बिटचे २,०४८ शब्द. गुणाकार करून बघा, ती होते १० केबी. तुमच्या मोबाइलवर सकाळी येणारा ‘शुभ सकाळ’चा एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

म्हणजे मेमरीची तंगी पहिल्या दिवसापासून आहे. जलद मेमरी महाग म्हणून थोडी, स्वस्त साठवण भरपूर पण संथ. आपल्या घरातला ओटा आणि माळा आठवा. ओटा हाताशी असतो, पण लहान. माळा मोठा, पण प्रत्येक वेळी स्टूल आणा, चढा, शोधा, उतरा. ओटा म्हणजे रॅम, माळा म्हणजे हार्ड डिस्क.

इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात १९६२ साली ॲटलास नावाचा कॉम्प्युटर सुरू झाला. त्यांनी यावर एक भारी युक्ती काढली. ओटा भरला की जे आत्ता लागत नाही ते मशीनने आपणहून माळ्यावर टाकायचं, लागलं की परत खाली आणायचं. वापरणाऱ्याला वाटावं की ओटाच भलामोठा आहे. याला आज आपण व्हर्च्युअल मेमरी म्हणतो. तुमच्या लॅपटॉपमध्ये ही युक्ती या क्षणीही चालू आहे.

पण युक्तीला एक मर्यादा आहे. समजा ओटा इतका लहान आहे की पोळपाट ठेवायचा तर परात माळ्यावर टाकावी लागते, आणि कणीक घ्यायला परात उतरवायची तर पोळपाट वर टाकावा लागतो. मग काय होईल? दिवसभर तुम्ही स्टुलावर चढ-उतार कराल आणि पोळी एकही होणार नाही. १९६८ मध्ये पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने याच अवस्थेवर निबंध लिहिला. तिचं नाव थ्रॅशिंग. मशीन बंद नसतं, बिघडलेलं नसतं, उलट जिवाच्या आकांताने राबत असतं. फक्त त्या राबण्यातून काम होत नसतं.

माळा किती लांब आहे याचा हिशोब सांगतो. साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते. हवी ती जागा सुईखाली यायला साधारण १३ मिलिसेकंद लागतात. रॅममधून तीच गोष्ट आणायला १०० नॅनोसेकंद धरा. आता रॅमचे १०० नॅनोसेकंद म्हणजे आपला एक सेकंद मानला, तर हार्ड डिस्कवरची वस्तू मिळायला दीड दिवस लागेल. ओट्यावरचं मीठ एका सेकंदात, माळ्यावरचं मीठ उद्या रात्री. आमच्या घरात ऐकू येणारी ती करकर म्हणजे याच चढ-उताराचा आवाज होता.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळे ‘व्हायरस, व्हायरस’ का ओरडायचे? कारण तोही इतिहास खराच आहे. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस, ब्रेन, १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला होता. आणि तो करायचा काय? फ्लॉपी ड्राइव्ह संथ करायचा, शिवाय ७ केबी मेमरी खाऊन बसायचा. म्हणजे व्हायरस आणि संथपणा यांचं नातं पहिल्यापासूनचं.

याला उत्तर देणाऱ्यांमध्ये आपली मराठी माणसंही आहेत. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसने भरलेली असायची. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्याने त्यावर प्रोग्रॅम लिहिला. त्यातून क्विक हील उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. दुरुस्तीच्या टेबलावरून सुरू झालेली ही गोष्ट मला फार आवडते, कारण त्यांनी आधी विचारलं की हे होतंय कशामुळे.

बहुतेक ठिकाणी मात्र हा प्रश्न विचारायला वेळ नव्हता. २००० नंतर कॉम्प्युटर घराघरात घुसले आणि दुरुस्त करणारे बहुतेक विशीतली पोरं होती, बघून बघून शिकलेली. दिवसाला पाच घरं करायची. त्यात आमच्या भागाची आपली दुखणी. खाडीपलीकडे मुंबईत दिवे चालू आणि आमच्याकडे लोडशेडिंग. काम चालू असताना लाईट गेली की पुढच्या वेळी निळ्या स्क्रीनवर डिस्कची तपासणी सुरू. कधी विंडोजची एखादी फाइलच खराब. वर समुद्राची दमट, खारट हवा. ती धूळ पंख्यात चिकटून बसते, प्रोसेसर तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. पेनड्राइव्ह एका सायबर कॅफेतून दुसऱ्यात फिरून काय काय घेऊन यायचे ते वेगळंच.

म्हणजे लक्षण एकच, संथपणा. कारणं पाच-सहा. आणि औषध सगळ्यांना एकच, फॉरमॅट. तापाला, खोकल्याला, मोडलेल्या हाताला एकच गोळी.

तर आमच्याकडे दादाने विचारलं, “काका, डी ड्राइव्ह राहील, सी उडेल. चालेल ना?” बाबा म्हणाले, “चालेल.” त्यांना काय माहीत की ‘माय डॉक्युमेंट्स’ आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतात? मला तरी कुठे माहीत होतं. दादालाही दोष देत नाही. त्याने विचारलं होतं, पण प्रश्न त्याच्या भाषेतला होता.

दोन वर्षांचा हिशोब गेला.

वार्षिक सभेत बाबांनी उभं राहून सांगितलं की फाइल उडाली. खाली गच्चीच्या जिन्यात मी बसलो होतो. मागून कुणीतरी म्हणालं, “उडाली, की उडवली?” दोन-चार जण हसले. बाबा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी कपाटातली व्हाउचरची फाइल काढली. पुढचे दोन महिने रात्री साडेनऊला लोकलमधून उतरून, जेवून, ते जाड रजिस्टरमध्ये हाताने हिशोब लिहीत बसायचे. ऑडिटला सगळं जुळलं. पैसाही इकडचा तिकडे नव्हता. पण पुढच्या वर्षी त्यांनी कमिटीत नाव दिलं नाही, आणि परत कधीच नाही.

आणि कॉम्प्युटर? चार दिवस पळाला. मग ऑफिस टाकलं, अँटीव्हायरस टाकला, आणि पुन्हा तेच वाळूचं घड्याळ.

बऱ्याच वर्षांनी, डिप्लोमाला असताना, मी तो जुना डबा सहज उघडला. आत १२८ एमबी रॅमची एकच पट्टी. विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी लागायची आणि १२८ एमबी असावी असं सांगितलेलं होतं, म्हणजे कागदावर बरोबर. पण आमच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, स्क्रीनसाठी ३२ एमबी त्यातूनच जायची. उरली ९६. त्यात एक्सपीचं २००४ चं मोठं अपडेट, अँटीव्हायरस आणि एक्सेल. आता ऐका. १९६२ च्या त्या ॲटलासची मुख्य मेमरी होती ९६ केबी. आमची ९६ एमबी. हजारपट मोठा ओटा, आणि आजार तोच. डेनिंगने १९६८ ला लिहून ठेवलेला.

त्या पट्टीच्या शेजारी दुसरी खाच होती. रिकामी. पहिल्या दिवसापासून.

लॅमिंग्टन रोडवरून जुनी २५६ एमबीची पट्टी आणून मी तिथे बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला आणि एक्सेल टचकन उघडलं. बाबा मागे उभे होते. बघून म्हणाले, “म्हणजे तेव्हा काही पुसायची गरजच नव्हती.” एवढंच. आणि चहा ठेवायला आत गेले.

मंडळी, म्हणून हा भाग. तुमच्या घरचा कॉम्प्युटर संथ असेल तर क्रम उलटा करू नका. आधी फाइल्सची दुसरीकडे कॉपी, आणि ती उघडून बघायची. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. थोडा वेळ नुसतं बघत बसा. मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर ओटा लहान आहे, रॅम वाढवता येते का ते विचारा. मेमरी ठीक पण डिस्क सतत शंभरवर असेल तर जुनी हार्ड डिस्क हे कारण असू शकतं. तिच्या जागी एसएसडी टाकली की मघाच्या हिशोबातला दीड दिवस साधारण सतरा मिनिटांवर येतो. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर दुसरं काही करू नका, आधी डेटा वाचवा. सुरुवातीला बरा चालून नंतर मंदावत असेल तर धूळ आणि उष्णता बघा, विशेषतः आपल्यासारखे समुद्राजवळ राहत असाल तर. बटण दाबल्यावर वेळ लागत असेल तर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करा. ओळखीचा नसलेला प्रोग्रॅम प्रोसेसर खात असेल तर व्हायरस तपासा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून ‘आता नवीनच घ्या’ हे वाक्य दुकानात जास्त ऐकू येतं. कधी ते खरं असतं, कधी शेजारची खाच रिकामी असते. आणि मोबाइलवाल्यांनो, ‘फॅक्टरी रिसेट मार’ हे आपल्या पिढीचं ‘फॉरमॅट मार’ आहे. दाबण्याआधी विचारा, नेमकं काय भरलंय? आणि काय पुसलं जाणार आहे?

बाबांचं ते रजिस्टर अजून कपाटात आहे. घरात ते उडवता न येणारं एकमेव बॅकअप.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि आज रात्री एक कॉपी काढून ठेवा.