लाटेकएमके

लाटेकएमके ही लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत लिहिलेल्या दस्तऐवजांची निर्मितीप्रक्रिया स्वयंचलित करणारी मुक्त स्रोत आज्ञावली आहे. मूळ मजकुरापासून अंतिम पीडीएफ तयार होईपर्यंत कोणता कार्यक्रम, कोणत्या क्रमाने आणि किती वेळा चालवावा लागेल हे ती स्वतः ठरवते. पर्ल भाषेत लिहिलेली ही आज्ञावली जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली उपलब्ध असून टेक लाइव्ह व मिकटेक या दोन्ही प्रमुख वितरणांत तिचा समावेश आहे.

पार्श्वभूमी

डोनाल्ड क्नुथ यांची टेक प्रणाली आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात रचलेली लाटेक ही प्रणाली मजकूर आरंभापासून अखेरपर्यंत क्रमाने वाचते आणि एकेक पान जुळवून बाहेर टाकते. त्यामुळे तिसऱ्या पानावर 'पृष्ठ ८७ पाहा' असे छापायचे असेल, तर ते पान जुळवताना ८७ हा आकडा प्रणालीला ठाऊकच नसतो. लाटेक त्या जागी दोन प्रश्नचिन्हे ठेवून पुढे जाते आणि प्रत्येक खुणेचा खरा पृष्ठांक एका सहायक फाईलमध्ये नोंदवते. दुसऱ्या फेरीत ती फाईल आधी वाचली जाते आणि प्रश्नचिन्हांच्या जागी आकडे येतात.

अनुक्रमणिकेमुळे यात आणखी भर पडते. पहिल्या फेरीत ती रिकामी असते. दुसऱ्या फेरीत ती भरते व स्वतःच काही पाने व्यापते. पुढील सर्व पृष्ठांक त्यामुळे सरकू शकतात आणि ते दुरुस्त करण्यासाठी तिसरी फेरी लागते. संदर्भसूचीसाठी बिबटेक हा वेगळा कार्यक्रम मध्ये चालवावा लागत असल्याने लाटेक, बिबटेक, लाटेक, लाटेक असा चार पायऱ्यांचा क्रम वापरकर्ते पाठ करून ठेवतात. अखेरची एक फेरी राहून गेली, तर दस्तऐवज दिसायला पूर्ण असतो, पण त्यातील पृष्ठांक आधीच्या फेरीचे असतात. प्रश्नचिन्हे डोळ्यांना खटकतात, चुकीचा आकडा मात्र खटकत नाही. म्हणूनच प्रबंध व पाठ्यपुस्तके यांच्या बाबतीत ही चूक अधिक धोक्याची ठरते.

'मेक'ची अडचण

अनेक पायऱ्यांची निर्मितीप्रक्रिया स्वयंचलित करण्यासाठी मेक हा कार्यक्रम स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिला. कोणती फाईल कशापासून बनते याची यादी वापरकर्त्याने द्यायची आणि मूळ फाईल नंतर बदललेली आढळल्यास मेकने ती पायरी पुन्हा चालवायची, अशी त्याची रीत आहे. संगणकीय कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी ती उत्तम चालते. लाटेकमध्ये मात्र सहायक फाईल ही एकाच वेळी निष्पत्तीही असते आणि पुढच्या फेरीची सामग्रीही. अवलंबनाच्या या वर्तुळाला मेकमध्ये जागा नाही. शिवाय सहायक फाईल प्रत्येक फेरीत नव्याने लिहिली जाते. आतला मजकूर तोच राहिला तरी तिची वेळ बदलते, म्हणून केवळ वेळेवर विसंबणाऱ्या साधनाला कुठे थांबावे हे कळत नाही.

कार्यपद्धती

लाटेकएमके फाईलच्या वेळेऐवजी तिच्या आशयाकडे पाहते. प्रत्येक सामग्री-फाईलची एमडी५ पद्धतीने काढलेली बेरीज-खूण ती आपल्या नोंदवहीत ठेवते. फेरीनंतर सहायक फाईलची खूण पूर्वीसारखीच आढळली, तर आणखी फेरीची गरज नाही असे मानले जाते. कोणत्या फाईल वापरल्या गेल्या याची यादीही वापरकर्त्याला द्यावी लागत नाही. लाटेक चालताना उघडलेल्या प्रत्येक फाईलची नोंद करवून घेऊन आणि कामाचा वृत्तांत वाचून ती यादी तयार होते. परिणामी एखाद्या प्रकरणातील आकृती बदलली तरी आवश्यक तेवढेच काम पुन्हा होते.

'पीव्हीसी' या पर्यायाने आज्ञावली सतत चालू राहते आणि मूळ फाईल जतन होताच पीडीएफ नव्याने बनवते. निर्मितीत साचलेल्या मधल्या फाईल पुसण्याचीही सोय आहे. खुणेचे नाव चुकीचे लिहिले असेल, तर कितीही फेऱ्यांनी प्रश्नचिन्हे जात नाहीत. एरवी याची केवळ सूचना मिळते, पण अशा सूचनांना त्रुटी मानण्याचा पर्याय निवडल्यास आज्ञावली अपयशाचा संकेत देते. स्वयंचलित तपासणीत हा पर्याय विशेष उपयोगी पडतो.

स्थिर न होणारे दस्तऐवज

फेऱ्या कधी संपतीलच याची हमी नसते. 'पुढील पृष्ठावर' आणि 'पृष्ठ १०० वर' हे शब्द सारख्या लांबीचे नसतात. एक मजकूर घातल्याने ओळ वाढून आकृती पुढच्या पानावर जाते. त्यामुळे दुसरा मजकूर येतो, ओळ घटते आणि आकृती मागे येते. असा दस्तऐवज दोन अवस्थांमध्ये हेलकावे खात राहतो. व्हॅरिओरेफ या संचात हा प्रकार संभवतो आणि त्याच्या माहितीपत्रकात तशी सूचनाही आहे. म्हणून लाटेकएमकेने फेऱ्यांवर मर्यादा घातली असून ती मूलतः ५ आहे. अशा वेळी लेखकाने वाक्यच बदलणे हा खरा उपाय ठरतो.

इतिहास

डेव्हिड मुस्लिनर यांच्या 'गो' नावाच्या आज्ञावलीवरून इव्हान मॅक्लीन यांनी लाटेकएमकेची आरंभीची आवृत्ती तयार केली. १९९८ पासून तिचा विकास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ जॉन कॉलिन्स यांनी पुढे नेला. ओव्हरलीफ हे ऑनलाइन लेखनस्थळही दस्तऐवजांच्या निर्मितीसाठी हीच आज्ञावली वापरते.

देवनागरी मजकूर

फ्रान्स व्हेल्टहाउस यांच्या १९९१ मधील देवनागरी संचात मजकूर रोमन लिप्यंतरात लिहून 'देवनाग' या पूर्वप्रक्रियकातून काढावा लागे, म्हणजे साखळीत एक पायरी वाढे. अशी वेगळी पायरी लाटेकएमकेच्या मांडणी-फाईलमध्ये नियम म्हणून जोडता येते. युनिकोड मजकूर थेट वाचणाऱ्या झीटेकसाठी स्वतंत्र पर्याय आहे. त्यात मधल्या फेऱ्यांत पीडीएफ न बनवता ते शेवटी एकदाच बनवून वेळ वाचवला जातो.

शब्दसूचीबाबत मात्र मराठी लेखकाने सावध राहावे. नेहमीचा मेकइंडेक्स कार्यक्रम बाइटच्या क्रमाने शब्द लावतो. युनिकोडमध्ये 'ळ' हे अक्षर 'ल'च्या लगेच नंतर येते, मराठी वर्णमालेत ते 'ह'नंतर येते. 'क्ष'ने सुरू होणारे शब्दही 'क'मध्ये विखुरतात. मांडणी-फाईलमध्ये मराठी वर्णक्रम जाणणारा दुसरा कार्यक्रम नेमल्यास हा दोष टळतो.

सुरक्षा

मांडणी-फाईल ही प्रत्यक्षात पर्ल भाषेतील आज्ञावलीच असते आणि दस्तऐवजाच्या फोल्डरमध्ये आढळल्यास ती आपोआप चालते. अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फोल्डरमध्ये लाटेकएमके चालवण्यापूर्वी ती वाचून पाहणे किंवा ती टाळण्याचा पर्याय वापरणे इष्ट असते.

इतर साधने

पाउलो सेरेडा यांचे आरारा हे साधन उलट भूमिका घेते. ते काहीही ओळखू पाहत नाही, लेखकाने मजकुराच्या आरंभी टिप्पणीत लिहिलेल्या पायऱ्या तेवढ्या पाळते. त्याचे नाव पोर्तुगीज भाषेतील मकाव पोपटाच्या नावावरून आले आहे. रस्ट भाषेतील टेक्टॉनिक हे साधन फेऱ्यांची संख्या स्वतः ठरवते, शिवाय लागणारे संच गरजेनुसार इंटरनेटवरून उतरवून घेते.