दोनशे तासांनंतर

नाशिककरांना विमानाच्या आवाजाचं नवल नाही. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि तेव्हापासून निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांवरून लढाऊ विमानं जात आहेत. आधी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई-३०. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी इथेच जुळणी झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१एनं आकाशात झेप घेतली. नाशिक रोडजवळ गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांची प्रशिक्षणशाळा आहे. विमानं बांधणारा आणि वैमानिक घडवणारा असा हा जिल्हा. तरीही इथला एखादा मुलगा किंवा मुलगी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना हातात घेऊन घरी येते, तेव्हा पुढे काय होतं हे समजावून सांगणारं माणूस गावात सापडत नाही. तलाठी भरती, पोलीस भरती, बँकांच्या परीक्षा यांच्या खाचाखोचा चहाच्या टपरीवरही कळतात. वैमानिकाच्या भरतीबद्दल मात्र जो तो ऐकीव माहितीवर चालतो.

ही प्रस्तावना त्या मुलासाठी आहे, त्याच्या आईवडिलांसाठी आहे आणि या विषयाकडे अभ्यासक म्हणून वळणाऱ्या वाचकासाठी आहे. तुम्हाला विमान चालवता येत नसेल तरी बिघडत नाही. भरतीचा अभ्यास करायला लागतो तो धीर, आणि कागद वाचायची सवय.

पहिला कागद लॉगबुकचा. एका तरुण वैमानिकानं मला त्याचं लॉगबुक पाहायला दिलं होतं. आडव्या लांबट पानांवर रकाने: तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, प्रशिक्षकासोबतचे तास, स्वतः कमांडमध्ये असलेले तास, रात्रीचे तास, उपकरणांवर उडवलेले तास. सुरुवातीची पानं गच्च भरलेली. एकाच दिवशी दोन-दोन उड्डाणं, त्याच धावपट्टीभोवती घिरट्या. पुढे पहिलं एकट्याचं उड्डाण, त्याखाली जरा जास्त दाबून ओढलेली रेघ. मग तीनशे सागरी मैलांचं लांबचं उड्डाण, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटर. बेरीज दोनशे तासांच्या वर जाते. परवान्यासाठी आपल्याकडे तेवढेच तास लागतात, त्यातले शंभर स्वतःच्या कमांडमधले. आणि त्या पानानंतर नोंदी विरळ होत जातात. एका महिन्यात एक उड्डाण, मग चार महिने काहीच नाही, मग पुन्हा एकच, तेही उपकरण-उड्डाणाची पात्रता टिकवण्यापुरतं.

दोन तारखांमधली ती चार महिन्यांची फट हाच आपला विषय. परीक्षा पास झाल्यात, वैद्यकीय तपासणी झाली आहे, घरच्यांनी बागेवर कर्ज काढलं आहे आणि नोकरी नाही. या काळात वैमानिकाचं कौशल्य जागच्या जागी थांबत नाही, ते उतरतं. उपकरण-उड्डाणाची चाचणी आणि प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी दरवर्षी नव्यानं द्यावी लागते. म्हणजे वाट पाहायलाही पैसे पडतात. मूळ प्रशिक्षणाचा खर्च सहज पन्नास लाखांच्या घरात जातो. एअरबस किंवा एटीआरसारख्या ठरावीक विमानाचं टाइप रेटिंग घ्यायचं तर आणखी दहा-पंधरा लाख. ते आधीच स्वखर्चानं घ्यावं की कंपनी निवडेपर्यंत थांबावं, हा प्रश्न मी अनेक घरांत रात्री उशिरापर्यंत चर्चिला जाताना पाहिला आहे. नेमकी एटीआर चालवणाऱ्यांची भरती थंडावली, तर एटीआरचं रेटिंग कपाटात राहतं.

वर्तमानपत्रांत मात्र वैमानिकांच्या टंचाईची बातमी असते. ती खोटी नसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० विमानांची खरेदी जाहीर केली, जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं १,६२२ व्यावसायिक परवाने दिले, आदल्या वर्षी १,१६५ दिले होते. आकडे एकमेकांना जुळल्यासारखे वाटतात. पण टंचाई असते ती कमांडरची, आणि परवाना मिळतो तो नवशिक्याला. नवा सहवैमानिक घ्यायचा तर त्याला मार्गावर शिकवायला प्रशिक्षक कॅप्टन लागतो, सिम्युलेटरची वेळ लागते, आणि कंपनीकडे नेमकी यांचीच कमतरता असते. ही गाठ एकदा लक्षात आली की बाकीचा गोंधळ बराचसा उलगडतो. वर आणखी एक भर पडते. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दर वेळी हजारो तासांचा अनुभव असलेली माणसं त्याच रांगेत येऊन उभी राहिली आणि दोनशे तासवाला मागे सरकला. माणसांची यात काहीच चूक नव्हती, ना पुढच्यांची ना मागच्यांची.

प्रादेशिक कंपन्यांचं गणित वेगळं आहे, आणि नाशिकइतकं ते दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसतं. केंद्र सरकारच्या प्रादेशिक हवाई जोडणीच्या ‘उडान’ योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीला गेलं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला एअर डेक्कननं मुंबई-जळगाव सेवा सुरू केली आणि त्याच टप्प्यात ओझरही जोडलं गेलं. बीचक्राफ्ट १९००डी, जेमतेम अठरा प्रवाशांचं विमान. पुढे ओझरवरून अलायन्स एअर उडाली, ट्रूजेट उडाली, बेळगावसाठी स्टार एअर आली, २०२३ पासून इंडिगो. यांतली एअर डेक्कन २०२० मध्ये थांबली, ट्रूजेट २०२२ मध्ये. उडानमध्ये सरकार तोटा भरून देतं ते तीन वर्षं, आणि त्या मार्गावर एकट्यानं उडण्याचा हक्कही तीनच वर्षं. या तीन वर्षांची तुलना वैमानिकाच्या तासांशी करून पाहा. वर्षाला जास्तीत जास्त एक हजार तास उडायची मुभा आहे. प्रत्यक्षात सातशे-आठशे भरतात. म्हणजे दोनशे तासांवर आलेला मुलगा दोनेक वर्षांत पंधराशेच्या जवळ पोचतो आणि वरच्या, कमांडरच्या परवान्याला पात्र होतो. तो कुठे तयार होतो न होतो तोच एकतर मार्ग बंद पडतो, नाहीतर मोठी कंपनी त्याला उचलते.

छोट्या कंपन्या बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची हमी, का लिहून घेतात, याचं उत्तर इथे आहे. मला बॉण्ड आवडत नाही. पंचविशीतल्या मुलाच्या डोक्यावर आधीच कर्ज असताना वर कंपनीची हमी घालणं अन्यायाचं आहे असं माझं मत आहे, आणि ते मी बदललेलं नाही. तरी तो लोभापायी आला असं म्हणून भागत नाही. शिकवून तयार केलेला माणूस टिकत नाही, या भीतीतून तो आला आहे. त्याच भीतीचं सरकारी रूप म्हणजे २०१७ चा नियम: कमांडरला नोकरी सोडायची तर एक वर्षाची पूर्वसूचना, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. इतर कुठल्या नोकरीत असं चालवून घेतलं असतं का, हा प्रश्न कामगार कायद्याच्या अभ्यासकानं जरूर हाती घ्यावा.

नकाराचा इतिहासही जुना आहे. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला परवाना मिळाला तो बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून, त्या क्लबनं पुढे प्रशिक्षण धुळ्याला नेलं. टाटांनी स्वतःची कंपनी काढली, त्यांना कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. प्रेम माथुर यांनी १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना घेतला. बाई विमान चालवणार म्हणून आठ कंपन्यांनी त्यांना नाकारलं, असं नोंदलं गेलं आहे. शेवटी दार उघडलं ते हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनं, म्हणजे एका प्रादेशिक कंपनीनं. १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिला कर्मचारी असलेलं फोकर विमान कलकत्त्याहून सिलचरला नेलं, तोवर जवळपास चार दशकं लोटली होती.

भरतीच्या अटी हा सुरक्षेचाच भाग आहे, हे अमेरिकेला एका अपघातानं शिकवलं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. सहवैमानिक तरुणी सिॲटलजवळ आईवडिलांकडे राहायची आणि कामावर यायला देश ओलांडून रात्रभर प्रवास करून न्यूअर्कला पोचायची. प्रादेशिक कंपनीच्या पगारात न्यूअर्कजवळ राहणं किती अवघड होतं, हे चौकशीत पुढे आलं. २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही पंधराशे तासांची अट लागू झाली. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांचे तास पंधराशेच्या वर होते. थकवा, पगार, प्रशिक्षण यांच्याऐवजी कायद्यानं तास मोजले, कारण तास मोजणं सोपं असतं. आपल्याकडे विश्रांतीचा साप्ताहिक अवधी ३६ तासांवरून ४८ वर नेणारे नवे नियम पूर्णपणे लागू झाले, त्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येनं रद्द झाली. पुरेसे वैमानिक आधी घेतले होते का, हा भरतीचा प्रश्न त्या दिवसांत विमानतळावर अडकलेल्या प्रत्येक प्रवाशाचा झाला.

नव्या अभ्यासकाला मी एवढंच सुचवीन की जाहिरातीपासून सुरुवात करा. ‘किमान ५०० तास, त्या प्रकारच्या विमानावर’ अशी ओळ दिसली की विचारा, हे पाचशे तास नवशिक्याला मिळणार कुठे? लेखी परीक्षा, मानसिक चाचणी, सिम्युलेटर, मुलाखत या सगळ्यांतून पार झालेल्यांना ‘पूल’मध्ये ठेवतात, तिथे ते किती महिने असतात ते विचारा. निवड न झालेल्याला कारण कळवतात का? दिलेले परवाने दरवर्षी मोजले जातात, पण त्या आकड्याच्या पोटात नोकऱ्यांचा आकडा नसतो. तो गोळा करायचं काम कुणीतरी गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर इथल्या प्रशिक्षणसंस्थांतून बाहेर पडलेल्या मुलामुलींना एकेक करून भेटून सुरू केलं, तर ते काम मराठीत होऊ शकतं.

ज्याचं लॉगबुक मी पाहिलं, तो परवा भेटला. पुढच्या आठवड्यात धुळ्याला एक तास उडायला जाणार आहे. उपकरण-उड्डाणाची मुदत संपायला अकरा दिवस उरलेत.